वाकसूळ, प्रभाग तीन

बातम्या वाचण्याआधी एसी बंद करावा लागतो,
त्याची घरघर आवाजात उतरते.
कपाटाची दोन्ही दारं उघडून
टांगलेल्या कपड्यांकडे तोंड करून मी वाचते.
बारा मिनिटं. घाम हनुवटीवरून कागदावर पडेपर्यंत.

रोला, शारजा. तिसरा मजला.
खाली कुट्टनच्या चहाच्या टेबलावर मल्याळम पेपर,
घडी मोडली की अख्खं टेबल झाकतो.
त्यांच्यात मतदारसंघागणिक बातमीदार,
मतदानाला विमानं भरून माणसं जातात, कुट्टन सांगतो,
आणि मला विचारतो, तुमचं काय?
आमचं काय.
आमची मी, माझा फोन,
आणि दिवसा कोल्ड स्टोअरमध्ये मटणाच्या पावत्या.

सगळ्यात जास्त ऐकतात ते सजामध्ये.
नाव आहे त्या भागाचं, गाळे आणि कामगारांच्या खोल्या.
शिक्षा नव्हे हो, गफूर सरखोत म्हणतो,
तलाठ्याची सजा असते ना, तशी समजा.
सातबारा मात्र कुणाच्याच नावावर नाही.

भाषणं नको ताई, आकडे सांगा.
आघाडी नको, आमच्या वाडीचं सांगा.
एकाने विचारलं होतं,
आईला बूथवर न्यायला रिक्षा कुठल्या पक्षाने पाठवली?
तेवढं कळलं तरी
घरात काय चाललंय ते कळेल.
ते मला कुठून कळणार?

"मतदारांनी स्पष्ट कौल दिला"
हे वाक्य वाचताना मी दरवेळी घोट गिळते.
ऐकणाऱ्यांत एकानेही दिलेला नसतो.
यादीत नाव आहे, गावात घर आहे,
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे.
गफूरचा अंगठा रोज पहाटे हजेरीच्या यंत्रावर.
सिमेंटने रेषा खाल्ल्या,
यंत्र तिसऱ्या खेपेला ओळखतं, कधी चौथ्या.

परवा ग्रामपंचायतींची मोजणी.
तालुक्याहून वसुधा जांभेकर आकडे धाडत होती,
मी उतरवून घेत होते पावतीच्या पाठीवर:
वाकसूळ, प्रभाग तीन. समसमान मते.
एकशे सत्तेचाळीस, एकशे सत्तेचाळीस.
तहसील कार्यालयात इयत्ता तिसरीतील एका मुलीच्या हस्ते
चिठ्ठी काढण्यात आली.
मी तसंच वाचलं. काढण्यात आली.
पुढची बातमी नळपाणी योजनेची होती.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी गफूरचा आवाज,
मागे भांडी, कुणीतरी कुकर उघडत होतं.
ताई, ती एक मुलगी म्हणजे आमची उमैमा.
सोबत फोटो. स्टीलच्या डब्यात कोपरापर्यंत हात,
बाही वर दुमडलेली, लबाडी नको म्हणून,
डोळे गच्च मिटलेले. भोवती सगळे मोठे, पोटं आणि पट्टे.
ईदचा फ्रॉक आहे, तो म्हणाला. मीच धाडलेला.
मग नऊ सेकंद नुसता कुकर.
मग:
मी असतो तर एकशे अठ्ठेचाळीस झाली असती.

कुणाची? मी विचारलं.
हसला. ते गुप्त असतं ना ताई.
नंतर म्हणाला, उद्या परत वाचा. नाव घालून.

लहान मुलांची नावं आपण घेत नाही, मी लिहिलं.
आपण म्हणजे कोण?
नियम माझाच, कपाटासमोर केलेला.
त्याने फक्त बरं म्हटलं,
आणि त्या बरंने मला झोपू दिलं नाही.

आज एसी बंद केला. खिडकीतून कुट्टनचं शटर ऐकू आलं,
थांबले, ते खाली पडेपर्यंत.
मग जिल्हा परिषद, मग दोन अपघात, मग:

एक दुरुस्ती.
कालच्या बातमीत "एका मुलीच्या हस्ते" असं वाचलं गेलं.
ते "उमैमा गफूर सरखोत, मुक्काम वाकसूळ,
हिच्या हस्ते" असं ऐकावं.

त्यानंतर दिरहमचा भाव.
त्यानंतर एसी.